24 गट, 288 गायक: यरुशलेमच्या मंदिरातली गायनसेवा

नमस्कार मंडळी! यरुशलेमच्या मंदिरात रोज सकाळ-संध्याकाळ अर्पण व्हायचं आणि त्याच्या जोडीला स्तोत्र गायलं जायचं. त्यात खाडा चालत नसे. मग गाणारे कोण, आणि पाळ्या कशा लागायच्या?

बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचा 25वा अध्याय उघडा. दावीद राजाने लेवी वंशातली, म्हणजे मंदिरसेवेसाठी नेमलेल्या इस्राएली वंशातली, तीन घराणी या सेवेला लावली: आसाफ, यदूथून आणि हेमान. आसाफाचे मुलगे 4, यदूथूनाचे 6, हेमानाचे 14. झाले 24. एकेकाच्या नावाने एक गट, गटात 12 जण, म्हणजे 288. पाळीचा क्रम लागला चिठ्ठ्या टाकून. लहान-थोर, गुरू-शिष्य, सगळ्यांना एकच नियम. मला ही ओळ सगळ्यात मोलाची वाटते, कारण ज्येष्ठांनी मानाच्या पाळ्या आपल्याकडे ओढायची वाटच तिथे बंद होते.

दुसऱ्या मंदिराच्या, म्हणजे पहिलं पाडल्यावर पुन्हा बांधलेल्या मंदिराच्या काळातला बारीक तपशील मिश्नात, यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, सापडतो. गायकांच्या ओट्यावर निदान 12 लेवी हवेत. किन्नोर आणि नेवेल ही तंतुवाद्यं: किन्नोर निदान 9, नेवेल 2 ते 6. झांज मात्र एकच.

(स्क्रीनवर: 9 + 2 + 1 = 12)

मराठी बायबलमध्ये वीणा, सतार हे शब्द येतात, म्हणून डोळ्यासमोर आपली सतार येते. पण किन्नोरला लांब दांडी नसते. दोन बाजूंना दोन भुजा, वर आडवी पट्टी, आणि तिच्यापासून खाली ताणलेल्या तारा.

आता झांज एकच का, ते बघा. सकाळचं अर्पण. चांदीचे कर्णे घेतलेले दोन याजक, म्हणजे अर्पण करणारे पुरोहित, झांजवाल्याच्या उजव्या-डाव्या अंगाला उभे. कर्णे याजकांनीच फुंकायचे, लेवींनी नाही. द्राक्षारस ओतायला याजक खाली वाकला, की याजकांचा उपप्रमुख हातातलं फडकं हलवतो. झांज वाजते. लेवी गायला लागतात. म्हणजे झांज ही इशारत आहे. स्तोत्राचा एक भाग संपला की कर्णा, आणि लोकांचा साष्टांग दंडवत. स्तोत्रही वारानुसार ठरलेलं: रविवारी 24वं, सोमवारी 48वं, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, 92वं.

लेवींची लहान मुलंही गायची, पण ओट्यावर नाही, खाली मोठ्यांच्या पायांशी उभी राहून. वाद्य हातात नाही, नुसता गळा. मिश्ना म्हणते, गाण्याला चव यावी म्हणून!

ही घडी विस्कटायची कुठे? पोटापाशी. लेवींना इतर वंशांसारखा वतनाचा वाटा नव्हता, लोक देतील त्या दशमांशावर घर चालायचं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात यहूदा प्रांताचा सुभेदार नहेम्या काही काळ यरुशलेमबाहेर होता. परतला तेव्हा दशमांश थांबलेला, आणि गायक आपापल्या शेतांवर निघून गेलेले. त्याने गायकांना बोल लावला नाही, अधिकाऱ्यांना जाब विचारला. गायकांना परत आणून जागेवर उभं केलं, आणि धान्य, द्राक्षारस, तेल यांच्या वाटपासाठी कोठारांवर भरवशाची माणसं नेमली.