तांब्याचं कडं

(दृश्य : तांब्याच्या पत्र्याच्या कडेवरून कानस फिरते आहे.)

पत्र्याची कड आधी उतरती घासून घ्यायची. नाहीतर यंत्राच्या दाबाखाली तीच कागद कापते. बडोद्यात फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली १९५० साली. ज्योती भट्टांसारख्या छापचित्रकारांचं हे शहर, त्यामुळे कानशीचा हा आवाज इथल्या स्टुडिओंना नवा नाही. आजचा पत्रा मात्र एका आजारासाठी घासला जातोय. विल्सन डिसीज. ढोबळमानानं ३० हजारांत एकाला होणारा.

अन्नातून रोज थोडं तांबं आपल्या पोटात जातं. लागतं तेवढं शरीर ठेवून घेतं, उरलेलं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. या आजारात बाहेर टाकायची ही सोयच जन्मापासून बिघडलेली असते. तांबं यकृतात साठत जातं, तिथून मेंदूत पोचतं आणि डोळ्यांतही.

(दृश्य : दांडिया बाजार. लाकडी जिना. स्वयंपाकघर.)

विल्सन झालेल्या एका मुलाचं हे घर. घर मराठी, मुलाची शाळा गुजराती. फळीवरची घागर आजेसासूबाईंच्या वेळची. रात्री पाणी भरायचं, सकाळी अनशापोटी प्यायचं, हा या घराचा नेम होता.

"चिंचेनं घासते अजून," काकू म्हणतात. "पाणी तेवढं भरत नाही."

भांड्यामुळे हा आजार होत नाही, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. पण ज्याला आहे, त्याला तांब्याच्या भांड्यातलं पाणी वर्ज्य.

(दृश्य : दोन वह्या, शेजारी शेजारी उघडलेल्या.)

डावीकडे सातवीची वही, उजवीकडे नववीची. मुलगा तोच. सातवीत अक्षर रेघेवर बसलेलं. नववीत ओळ डावीकडून निघते आणि खाली उतरत जाते, अक्षरं बारीक होतात, 'ક' कुठे संपतो ते कळत नाही. समासात लाल शाईचा शेरा : अक्षर सुधारो. पुढच्या पानावर पुन्हा तोच. लहानपणी कावीळ झाली होती, ती बरी झाली म्हणून कुणी तिचा या अक्षराशी संबंध जोडला नाही.

निदान झालं ते बऱ्याच उशिरा. आता औषध रोजचं आणि जन्मभराचं. धाकट्या बहिणीचीही तपासणी झाली, तिला आजार नाही.

(दृश्य : पत्र्यावर काळा थर. सुई.)

मेण आणि डांबराचा हा थर. सुईनं तो खरवडला की खालचं तांबं चमकतं. आधी बाहुली, मग बुबुळाचे धागे, आणि अगदी कडेला डोळ्यात साठलेल्या तांब्याचं वर्तुळ. कायसर यांनी १९०२ मध्ये आणि फ्लायशर यांनी १९०३ मध्ये त्याची नोंद केली, म्हणून कायसर-फ्लायशर कडं. रंग सोनेरी-तपकिरी, कधी हिरवट. घरच्या आरशात ते सहसा दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणारं दिव्याचं यंत्र लागतं.

चित्राखाली वहीतली एक ओळ हवी होती. थरथरत्या अक्षराची नक्कल चित्रकार ताईंच्या सरावलेल्या हाताला काही जमेना. मग त्यांनी सुई त्याच्याच हातात दिली.

"उलटं लिहावं लागेल, छाप फिरून येतो," ताई म्हणाल्या.

"येऊ दे फिरून," तो म्हणाला आणि सुलटंच लिहीत गेला.

(दृश्य : तो लिहितो आहे. निवेदन नाही. शॉट कापू नये.)

(दृश्य : फेरिक क्लोराइडचा ट्रे.)

द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाचं. सुईनं उघडं केलेलं तांबं ते खात जातं. नाजूक रेघा लवकर होतात, मग पत्रा काढायचा, धुवायचा, त्या रेघांवर वॉर्निश लावायचं आणि पुन्हा आत सोडायचा. वर्तुळ सगळ्यांत जास्त वेळ द्रावणात ठेवलं. जितकं खोल, तितकी शाई धरणार.

त्याच्या गोळीचं, पेनिसिलामाइनचं, कामही तांबं काढण्याचंच. ती शरीरातलं तांबं बांधते आणि लघवीवाटे बाहेर नेते. उपचार मानवले की डोळ्यातलं कडं फिकं होतं, काहींचं पुसूनही जातं. दुर्मीळ आजार म्हटलं की लोक हात टेकतात. याला औषध आहे, १९५६ पासून.

(दृश्य : शाई, जाळीचं कापड, ओलसर कागद, यंत्राचं चाक.)

कड्याची शाई वेगळी घोटली आहे, हिरवट तपकिरी. ती चिंधीच्या बोळ्यानं फक्त तिथंच भरायची, मग तळहातानं पुसायची. कागद उचलला जातो.

(दृश्य : पहिला छाप. काकूंचा चेहरा.)

(दृश्य : जुन्या वाड्याची ओसरी, दोरीला चिमट्यांनी लावलेले छाप.)

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. २००८ पासून हा दुर्मीळ आजार दिवस म्हणून पाळला जातो. पहिल्यांदा पाळला तेव्हा तारीख होती २९. लोक आधी डोळा बघतात, मग ओळीशी अडतात, मान वाकडी करून वाचू पाहतात. खालच्या पट्टीवर मराठीत आणि गुजरातीत लिहिलंय : मुलाच्या काविळीचं कारण सापडत नसेल, अक्षर किंवा बोलणं बिघडत चाललं असेल, तर डॉक्टरांना विल्सनबद्दल विचारा. डोळ्यांची तपासणी, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं. भावंडांचीही तपासणी करा, कारण आईवडील दोघंही सदोष जनुकाचे वाहक असतात आणि प्रत्येक अपत्याला आजाराची २५ टक्के शक्यता असते.

पत्रा अजून झिजलेला नाही, आणखी छाप निघतील. ताईंना ते डोळ्यांच्या दवाखान्यांत लावायचे आहेत. काकूंचं म्हणणं, पहिली फ्रेम शाळेच्या शिक्षकखोलीत. ठरलं काकूंचंच.