पाय टेकायचा दगड

श्रोतेहो, नमस्कार. आपण मराठवाड्यातली माणसं विहिरीत पोहायला शिकलेली. पाठीला डबा बांधून काका ढकलून द्यायचे. दम लागला की नजर आधी कपारीकडे जायची; पायाखाली एक दगड आला की जीव भांड्यात पडायचा. हीच सवय घेऊन मी परभणीहून मालवणला गेलो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला उतरलो.

तोंडात नळी, डोळ्यांवर काच. खाली पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा. तेवढ्यात लाट आली, नळीत खारं पाणी शिरलं, मी घाबरलो आणि खालच्या दगडावर पाय रोवला. सोबतचा पोरगा ओरडला, “काका, पाय वर घ्या! तो दगड नाय, जिवंत आसा!”

ते प्रवाळ होतं. मंगळासाठी बोटात घालतात त्या पोवळ्याच्या नात्यातलं. असंख्य बारीक जीव मिळून चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करून त्यांना पोसतं. रंगही बराचसा त्याचाच. समुद्र तापला की शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि ताप लांबला तर मरतं. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. माझ्या एका टाचेखाली किती वर्षं चिरडली गेली असतील, हे मला आजही टोचतं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. प्रवाळाला कायद्यानं वाघाच्याच अनुसूचीत ठेवलंय, म्हणून तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा आहे. माशांना पावही टाकू नका. प्रवाळावर चढणारं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे पावाला सोकावतात. आणि होडीवाल्याला नांगर कुठे टाकणार ते आधी विचारा. हो, तिकडे त्या लोखंडी आकड्यालाही नांगरच म्हणतात. आपला नांगर रान पिकवतो. तो मात्र प्रवाळावर पडला, तर पिढ्यांची वाढ एका ओढीत उखडतो.

यंदा मे महिन्यात पुतण्याला विहिरीत शिकवलं. डबा बांधला, पण कपार शोधू दिली नाही. दम लागला तर उताणं व्हायचं, अंग सैल सोडायचं, पाय वर. दोन दिवसांत त्याला जमलं. दिवाळीनंतर आम्ही दोघं मालवणला निघणार आहोत.