०३२३३ : गहिरमाथा ते गुहागर

(दृश्य : गुहागरचा किनारा, सुरूच्या बनापासून भरतीच्या रेषेपर्यंत.)

२७ जानेवारी २०२५. गुहागरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची एक मादी अंडी घालायला वर आली. तसं पाहिलं तर त्यात नवल नव्हतं. थंडी पडायला लागली की मार्चपर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर या माद्या येतातच, आणि गुहागर तर त्यांचा ठरलेला किनारा. नवल होतं ते तिच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर. तिथे धातूची एक छोटी पट्टी होती आणि पट्टीवर पाच आकडे कोरलेले होते : ०३२३३.

हा क्रमांक कोकणातला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ही पट्टी १८ मार्च २०२१ रोजी ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर बसवली होती.

(दृश्य : नकाशा. गहिरमाथा ते गुहागर.)

गहिरमाथा बंगालच्या उपसागरावर, गुहागर अरबी समुद्रावर. पाण्यातून यायचं तर आंध्र आणि तमिळनाडू मागे टाकून, भारताचं दक्षिण टोक ओलांडून, मग केरळ, कर्नाटक, गोवा असं वर चढत यावं लागतं. हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर मानलं जातं. एवढं पोहून आलेल्या या मादीने गुहागरच्या वाळूत १२० अंडी घातली. त्यातून १०७ पिल्लं बाहेर आली.

आजवर साधारण समज असा होता की पूर्वेची कासवं पूर्वेला विणतात आणि पश्चिमेची पश्चिमेला. दोन्हीकडच्या सवयीही वेगळ्या. ओडिशात गहिरमाथ्याला, ऋषिकुल्येला लाखो माद्या काही रात्रींत एकदम किनाऱ्यावर चढतात, वाळू दिसेनाशी होते. आपल्याकडे मात्र एखाद्या रात्री एखादीच मादी येते, खड्डा करते, अंडी घालून बुजवते आणि गुपचूप परत जाते. ०३२३३ ही मादी दोन्ही किनाऱ्यांवर आली. गर्दीचा किनाराही तिचा आणि एकांताचाही. एका मादीवरून संपूर्ण जातीबद्दल निष्कर्ष काढता येत नाहीत, हे खरंच. पण दोन समुद्रांच्या मध्ये आपण कल्पनेत उभी केलेली भिंत तिने ओलांडली, एवढं तर नक्की झालं.

(दृश्य : वेळासचा किनारा. पहाट.)

याच प्रश्नाकडे कोकणाने तीन वर्षं आधी दुसऱ्या बाजूने पाहायला सुरुवात केली होती. इथे अंडी घालून गेलेली मादी पुढे जाते कुठे? २५ जानेवारी २०२२ रोजी मंडणगड तालुक्यातल्या वेळास इथे एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारा ट्रान्समीटर बसवण्यात आला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असं यंत्र बसवलेलं हे पहिलं ऑलिव्ह रिडले कासव, म्हणून तिचं नाव ठेवलं प्रथमा. मग आंजर्ल्याला सावनी. पुढच्या महिन्यात गुहागरला वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. हे काम केलं महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानने आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने. शास्त्रज्ञ आर. सुरेश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली.

(दृश्य : ट्रान्समीटर, जवळून.)

हे यंत्र नीट पाहण्यासारखं आहे. तळहातात मावेल एवढं. कडा गोलसर, कारण पोहताना पाणी अडलं तर कासवाची शक्ती वाया जाते. वर लवचिक तारेची अँटेना, खडकाला घासली तरी मोडू नये अशी. बसवताना पाठीचं कवच आधी स्वच्छ घासतात, कोरडं करतात आणि मग इपॉक्सी नावाच्या घट्ट गोंदाने यंत्र चिकटवतात. भोक पाडत नाहीत, खिळा मारत नाहीत. वर एक खास रंग देतात. का, ते कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला सांगावं लागणार नाही. होडी पाण्यात राहिली की तळाला कवचाचे जीव चिकटतात आणि तो तळ खरवडत बसावं लागतं. कासवाच्या पाठीवरच्या यंत्राचंही तेच होतं. चिकटलेल्या जिवांनी ते झाकलं गेलं तर संदेश जाणं बंद पडतं.

पण खरी हुशारी आहे बॅटरी वाचवण्यात. यंत्रावर धातूची दोन छोटी टोकं उघडी ठेवलेली असतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. कासव पाण्याखाली असलं की ही दोन टोकं पाण्यातून जोडली जातात आणि यंत्राला कळतं, आता गप्प बसायचं. रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यातून फार दूर जातही नाहीत, मग तिथे बोलून उपयोग काय? श्वास घ्यायला कासव वर आलं की टोकांमधलं पाणी ओसरतं आणि त्याच क्षणी यंत्र संदेश सोडतं. त्यात पुरेशी माहिती असते. कासवाने डुबकी मारली की यंत्र पुन्हा गप्प.

हा संदेश पकडतात आर्गोस यंत्रणेचे उपग्रह. फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून १९७८ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था. पृथ्वीपासून सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरतात. कासव नेमकं कुठे आहे, हे त्यांना कसं कळतं? कोकण रेल्वेची गाडी शिट्टी देत फलाटाजवळ येते तेव्हा आवाज चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की तीच शिट्टी खालच्या सुरात ऐकू येते. उपग्रह कासवाच्या दिशेने येताना आणि लांब जाताना संदेशाच्या लहरींतही असाच चढ-उतार होतो. तो किती आणि कधी झाला, यावरून गणित मांडून कासवाची जागा काढतात. आपल्या मोबाइलमधला जीपीएस असा चालत नाही. त्याला काही काळ उघडं आकाश लागतं आणि श्वास घ्यायला वर आलेलं कासव तेवढं थांबत नाही.

(दृश्य : नकाशावर एक रेघ, दक्षिणेकडे.)

पहिल्या पाचही यंत्रांचे संदेश यथावकाश थांबले. अशा वेळी मन खट्टू होतं, पण शांततेचा एकच अर्थ नसतो. बॅटरी संपलेली असू शकते. अँटेना तुटलेली असू शकते. कवचाचा वरचा पापुद्रा सुटून यंत्र तळाला गेलं असेल. किंवा कासवच गेलं असेल. यातलं काय झालं, ते यंत्र सांगत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोन माद्यांवर यंत्रं बसवण्यात आली. एक गुहा, दुसरी बागेश्री. गुहा लक्षद्वीपच्या आसपास रमली. बागेश्री मात्र खाली खाली गेली, दक्षिण टोक ओलांडून श्रीलंकेच्या बाजूला पोहोचली आणि पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात शिरली. गुहागरची मादी पूर्वेच्या समुद्रात! कांदळवन प्रतिष्ठानने तिच्या वाटेचे नकाशे वेळोवेळी लोकांसमोर ठेवले आणि कितीतरी जणांनी ते रोज उघडून पाहिले.

आणि दोन वर्षांनी उलट दिशेने ०३२३३ आली.

मला इथे थांबून या दोन साधनांकडे शेजारी शेजारी पाहावंसं वाटतं. उपग्रहाचं यंत्र महाग, म्हणून मोजक्याच कासवांना लागतं. ते वाट दाखवतं, पण थोडे महिने. धातूची पट्टी स्वस्त, ओडिशात ती हजारो कासवांना लावली गेली. ती वर्षानुवर्षं टिकते, पण स्वतःहून काहीच सांगत नाही. कोणीतरी त्या रात्री त्या किनाऱ्यावर असावं लागतं, विजेरीच्या मंद उजेडात आकडे वाचावे लागतात आणि ते योग्य ठिकाणी कळवावे लागतात. गहिरमाथ्याला पट्टी बसवणारे हात आणि गुहागरला ती वाचणारे डोळे यांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

(दृश्य : कासवमित्र, पुळणीवरचा माग.)

हे डोळे कासवमित्रांचे. गावातलीच ही माणसं विणीच्या हंगामात रात्री आणि भल्या पहाटे किनारा चालतात. वाळूतला माग बघून मादी कुठून आली, कुठे खणलं, हे त्यांना समजतं. कुत्रे आणि कोल्हे पोहोचायच्या आत अंडी काढून जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पन्नासएक दिवसांनी पिल्लं निघाली की त्यांना समुद्रात सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासपासून हे काम सुरू केलं. त्याआधी घरट्यातली अंडी खाल्ली जात, विकलीही जात. त्याच गावात आज कासव महोत्सव भरतो आणि पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला लांबून लोक येतात. हा बदल मला कुठल्याही यंत्राहून मोठा वाटतो.

(दृश्य : बंदर. ट्रॉलर परतताना.)

कासवाच्या वाटेवर सर्वांत मोठा धोका आहे जाळ्याचा. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. कोळंबीसाठी तळातून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते अडकलं तर बुडून मरतं. यावर उपाय म्हणून धातूच्या सळ्यांची एक तिरपी चौकट तयार झाली. ती जाळ्याच्या गळ्यात बसवतात. सळ्यांमध्ये सुमारे १० सेंटीमीटरची फट असते. कोळंबी फटीतून मागे जाते, कासव सळ्यांना आपटून वर किंवा खाली ठेवलेल्या झडपेतून सुटतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या ट्रॉलरना चालेल अशी चौकट बनवली आहे. ही चौकट सगळीकडे वापरात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातून समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात बंद ठेवली आहे. मच्छीमाराची तक्रार अशी की झडपेतून थोडा मालही जातो. डिझेलच्या आजच्या भावात ही तक्रार कोणी उडवून लावू नये. चौकट बसवणाऱ्याला त्या तोट्याची भरपाई मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका बाबतीत महाराष्ट्राने तसं केलंही आहे. डिसेंबर २०१८ पासून इथे एक योजना चालू आहे. कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा म्हणजे देवमुशी, असा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून लागतं ते सुटकेचं छायाचित्र किंवा चित्रीकरण, तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, खिशातल्या मोबाइलवर काढलेलं. सोडण्याआधी कासवाच्या परांवर पट्टी आहे का, तेही बघा. असली तर ती काढू नका. आकड्यांचा फोटो घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.