क्लेम ‘रिप्युडिएट’ झाला म्हणजे काय झालं?

नमस्कार श्रोतेहो. परवा म्हापशाला आमच्या शेजारच्या मावशी विमा कंपनीचं पत्र घेऊन आल्या. “वाच रे, पैसे कधी मिळतील?” पत्रात कामाची ओळ एकच होती: तुमचा क्लेम ‘रिप्युडिएट’ केला आहे. मावशींना शब्द ‘रेप्युटेशन’सारखा वाटला, म्हणजे काहीतरी चांगलंच! मी म्हटलं, “मावशी, कंपनीने हात वर केलेत.”

शब्दकोशात ‘नाकारणे’ हा अर्थ सापडतो, पण तेवढ्याने भागत नाही. बाजारात बांगडा शिळा दिसला की आपण तो टोपलीत परत टाकतो, ते ‘रिजेक्ट’. ‘रिप्युडिएट’ करायला मात्र आधी काही नातं, करार किंवा देणं असावं लागतं, निदान कुणाचा तसा दावा तरी. मग म्हणायचं, हे मला बांधील नाही. मूळ लॅटिन शब्द तर बायकोला सोडून देण्याचा! 1918 मध्ये रशियाच्या बोल्शेविक सरकारने झारच्या काळातली कर्जं झिडकारली. इतिहासात तिथे हेच क्रियापद येतं. कर्ज थकलं असं ते म्हणत नव्हते, ते आमचं नाहीच म्हणत होते.

गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या मंडळींना ‘रेपुदियार’ नवा नाही. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे मुक्तीनंतरही चालू राहिली. तिच्यानुसार वारसा घ्यावा नाहीतर ‘रेपुदियार’ करावा लागे, पण अर्धामुर्धा नाही. माडांची बाग माझी आणि बापाचं कर्ज भावाचं, असं जमत नसे.

मग गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही, यावरचा 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल? ‘फूल’ (विलीन व्हा) की ‘दोन पानं’ (वेगळे राहा), यावरून आमच्यासारख्या मराठी घरांत तेव्हा भावाभावांत अबोला धरला गेला. 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारलं गेलं. पण ते ‘रिजेक्ट’च. जे झालंच नव्हतं, ते ‘रिप्युडिएट’ कसं करणार?

मावशींना मी पत्रातलं कारण पुन्हा वाचून दाखवलं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. गोव्याचं काम पुण्याच्या कार्यालयात चालतं. मावशी म्हणाल्या, “अर्ज मराठीतच लिही. त्यांनाही जरा शब्दकोश काढू दे.”