शनिवारची दुपार कामात धरा

(वरुड-मोर्शी पट्ट्यातील एका महाविद्यालयात परिसरातील प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्यासमोर एका निवृत्त ग्रंथपालांनी केलेल्या भाषणाचे संपादित रूप.)

प्राचार्य सर, व्यासपीठावरची मंडळी, आणि मागच्या दाराजवळ उभे असलेले आमचे परिचर बंधू. भाऊ, आत या, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढच्या रांगेत बसलं की विचारतात म्हणून आपल्याकडे कुणी तिथं बसत नाही, पण आज मी कुणाला काही विचारणार नाही.

मला विषय दिलाय 'संशोधक व कर्मचाऱ्यांसाठी व्यावसायिक विकास आणि स्वास्थ्याच्या संधी'. पत्रिकेवर तो दोन ओळींत बसला नाही म्हणून तिसरी ओळ घ्यावी लागली, असं कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या. माझं म्हणणं त्यापेक्षा लहान आहे. आपल्या भागात प्रशिक्षणाला तोटा नाही. ते कामाच्या वेळेत होत नाही आणि सगळ्यांना मिळत नाही, एवढीच अडचण आहे. त्यावर माझा एक उपाय आहे, तो शेवटी सांगतो. आधी एक किस्सा. ज्यांनी तो ऐकलाय त्यांनी पुन्हा हसायचं.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात तणावमुक्तीची कार्यशाळा होती. कॉलेजचं नाव विचारू नका, इथले निम्मे लोक ओळखतीलच. वेळ दुपारी तीनची. म्हणजे तास संपल्यावर, कारण 'अध्यापनाचा व्यत्यय नको'. मार्गदर्शक शहरातून आलेले, माणूस खरंच भला. पण तीनला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक. प्रास्ताविकात संस्थेचा इतिहास स्थापनेपासून. त्यात संस्थेचे एक पदाधिकारी आले, त्यांचं पुन्हा स्वागत. मार्गदर्शकांच्या हाती माइक आला तेव्हा सव्वाचार झाले होते. मोर्शीकडे जाणारी गाडी सव्वापाचची. ती गेली की मग खासगी काळीपिवळी, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही.

तर मार्गदर्शक म्हणाले, सगळ्यांनी डोळे मिटा. मिटले. दीर्घ श्वास घ्या. घेतला. आता कल्पना करा, तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर आहात, लाटा येताहेत. माझ्या शेजारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला परिचर बसला होता. तो डोळे मिटूनच माझ्या कानाशी लागला, "सर, समुद्र काई आपण पाह्यला नाई. अप्पर वर्धा धरण चालते का?" मी म्हटलं, चालते. तर म्हणे, "मंग दारं उघडले का बंद हायेत?" आता सांगा, मी शांत कसा होणार?

पुढचं ऐका. मार्गदर्शकांनी स्वतःही डोळे मिटले होते. पावणेपाच झाले. कार्यालयातल्या एका मॅडमनी एक डोळा किलकिला करून घड्याळ पाहिलं, पर्स उचलली आणि चपला हातात घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्यामागं इतिहासाचे सर. मग तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवणारे, दोघं. तेवढ्यात लाटा ओसरल्या, सूर्य मावळला, आणि मार्गदर्शक म्हणाले, आता हळूहळू डोळे उघडा. त्यांनी उघडले, तर अर्धा हॉल रिकामा! बिचारे क्षणभर भांबावले. प्राचार्यांनी सावरून घेतलं, म्हणाले, काही लोक ध्यानाच्या पुढच्या अवस्थेत गेलेले दिसतात.

हा झाला हसण्याचा भाग. अभिप्रायाचे फॉर्म मात्र सकाळीच भरून घेतले होते. सगळ्यांवर 'अत्यंत समाधानकारक'. ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाइलीत लागले, फोटोसह. प्रमाणपत्रं फक्त शिक्षकांसाठी छापलेली. धरणाची दारं विचारणाऱ्या त्या परिचराला ना प्रमाणपत्र, ना चहा. कारण खुर्च्या उचलायच्या होत्या, आणि त्या त्यालाच उचलायच्या होत्या. मला राग आहे तो याचा. ताण कुणाला आहे याची यादी करायला बसलो असतो तर पहिलं नाव त्याचं निघालं असतं. सल्फ्युरिक आम्लाच्या बाटल्या हाताळतो, हातमोजे स्वतःच्या पैशानं आणतो, आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण त्याला आजवर एकदाही मिळालेलं नाही.

आता थोडा इतिहास. नॅकच्या फाइलीतला नव्हे, आपला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. मग त्यांचं नाव एचआरडीसी, म्हणजे मनुष्यबळ विकास केंद्र, झालं, आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. पाटी बदलली, चहा तोच राहिला. त्या काळात ओरिएंटेशन, म्हणजे नव्या शिक्षकांचा उद्बोधन वर्ग, चार आठवड्यांचं असे आणि तिथं जाऊन राहावं लागे. वर्गात काय शिकवलं ते कुणाला आठवत नाही. पण दर्यापूरचा माणूस गोंडपिंपरीच्या माणसाच्या शेजारच्या खाटेवर झोपला, दोघांच्या कॉलेजात प्रयोगशाळेला सारखीच अडचण आहे हे रात्री कळलं, पुढं वर्षानुवर्षं पत्रं चालली. शिक्षण झालं ते तिथं.

त्यानंतर प्रशिक्षण पदोन्नतीला जोडलं गेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमावलीप्रमाणं सहायक प्राध्यापकाला दहाव्या वेतनस्तरावरून अकराव्यावर जायचं तर एकवीस दिवसांचं ओरिएंटेशन लागतं, वर रिफ्रेशर म्हणजे उजळणी वर्ग किंवा तत्सम काहीतरी. नियम वाईट नाही. पण माणूस काय शिकला हे कुणी विचारत नाही, स्थाननिश्चितीच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलीत कागद आहे का एवढंच पाहतात. कोरोनाच्या काळात तर कहरच झाला. दहा प्रश्नांची ऑनलाइन चाचणी सोडवा, साठ टक्के मिळवा, रंगीत प्रमाणपत्र मेलवर. आमच्या एका सहकाऱ्याची फाइल लग्नातल्या आहेराच्या यादीसारखी फुगली. त्यांनी एकाच दिवशी तीन राज्यांतल्या तीन वेबिनारना हजेरी लावली होती. एक मोबाइल कानाला, एक खिशात, आणि तिसरा, मला वाटतं, संत्र्याच्या बागेत ओलिताला लावला होता.

हसू नका, बाग हाही विषयच आहे. इथल्या निम्म्या कर्मचाऱ्यांच्या घरी संत्रा नाहीतर कापूस आहे. आंबिया बहाराची फळं गळायला लागली की त्या माणसाचं डोकं कॉलेजात राहत नाही. शहरातून आलेल्या तणावाच्या पीपीटीत फळगळीची स्लाइड नसते.

बरं, शिक्षकांचं निदान नियमात लिहिलंय. कार्यालयाचं काय? आमच्या लिपिक मॅडमच्या टेबलावर काय काय असतं पहा. महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज, एआयएसएचई या उच्च शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणाची माहिती, नॅकचा वार्षिक अहवाल, आणि नवीन शैक्षणिक धोरणाची क्रेडिट, म्हणजे पोरांचे श्रेयांक. प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद हे सगळ्यांचं समान. खिडकीशी पोरांची रांग. एखाद्या पोराची शिष्यवृत्ती अडली तर बाप शेतातून थेट कार्यालयात येतो आणि म्हणतो, "काहून अडवून ठेवलं माह्या पोराचं?" त्याचंही खरं, मॅडमचंही खरं. यातल्या एकाही पोर्टलचं प्रशिक्षण त्यांना कुणी दिलेलं मी पाहिलं नाही. शेजारच्या कॉलेजातल्या लिपिकाला फोन करून त्या शिकल्या. माझा उपाय मला त्या फोनवरूनच सुचला, पण त्याला वेळ आहे.

(इथं मला चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे'. सर, तुम्ही पाहुण्यांचा परिचय चौदा मिनिटं करून दिला, तोही माझाच. ठीक आहे.)

संशोधक विद्यार्थ्यांकडे येतो. तुमच्यात फेलोशिप मिळणारे थोडे. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपला, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, वरिष्ठ म्हणजे एसआरएफला ४२,०००. ते आकडे ऐकून तासिका तत्त्वावर शिकवत अर्धवेळ पीएचडी करणारी पोरं नुसती हसतात. त्यांच्यासाठी मी फार मोठं काही सांगू शकत नाही. ग्रंथपालाला ठाऊक असतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीनं प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अट काढून टाकली. विद्यापीठ आपली अट ठेवू शकतं, म्हणून आधी तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश वाचा. पण कुणी 'आंतरराष्ट्रीय' म्हणवणारं मासिक पैसे भरा, चार दिवसांत छापतो म्हणून मेल करत असेल, तर घाईनं भरू नका. दुसरी, यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे नियतकालिक खरं की खोटं हे ठरवणं आता आपल्या गळ्यात आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांना तिथं आपलं नाव आहे हे माहीत तरी आहे का, जुने अंक उघडतात का, हे तासाभरात शिकवता येतं. तिसरी, त्याच २०२२ च्या नियमावलीत संशोधक विद्यार्थिनींना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे आणि मुदतीतही दोन वर्षांची जास्तीची सवलत आहे. बाळंतपणामुळं पीएचडी सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना हा परिच्छेद कुणी वाचून दाखवला असता तर योगदिनापेक्षा जास्त स्वास्थ्य लाभलं असतं.

आणि पासवर्ड! इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, आपल्या कॉलेजला आहे. ६,००० च्या वर ई-नियतकालिकं आहेत त्यात. मी प्रत्येकाला पासवर्डचं पाकीट हातात दिलं होतं. निवृत्त होताना कपाट आवरलं तर कित्येक पाकिटं सही करून परत माझ्याकडेच ठेवलेली निघाली, 'सर, तुमच्याजवळच राहू द्या, हरवते'. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमची नोंदणी अमरावती विद्यापीठात असेल तर तिथल्या ग्रंथालयात जाऊन विचारा. वसतिगृहाच्या वायफायवर रील चालतं, तिथं शोधनिबंधही उघडतो.

(पाच मिनिटे. हो, दिसली.)

शरीराचं बोलायचं तर आपण कुणाकडून उसनं काही आणायला नको. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. तिथल्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आपल्या कॉलेजात क्रीडा संचालक आहेत, मैदान आहे, आणि मार्चपासून सकाळचं कॉलेज भरतं. ऊन चढायच्या आत अर्धा तास मैदान कर्मचाऱ्यांना उघडं ठेवा, एवढंच. मनाचं ओझं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, सरकारी आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो स्टाफरूममध्ये आणि कार्यालयात दोन्हीकडं लावा. नुसता प्राचार्यांच्या दालनात लावू नका, तिथं उभं राहून कोण टिपून घेणार?

आता उपाय. घाईत सांगतो, कारण समोर आभारप्रदर्शनवाले उभे राहिले आहेत.

या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर पाच-सहा महाविद्यालयं आहेत. महिन्यातला एक शनिवार, दुपारी बारा ते तीन, आळीपाळीनं एकेका कॉलेजात जमायचं. तो वेळ कामाचा धरायचा, हजेरीपटावर तशी नोंद करायची, येणाऱ्याला कर्तव्य रजा द्यायची. तासिकावाल्यांना त्या वेळेचं मानधन मिळालं पाहिजे, नाहीतर त्यांना बोलावू नये. त्यांनी फुकट यावं आणि बाकीच्यांनी पगारात, हे मला पटत नाही. दीपप्रज्वलन नाही, हार नाही, प्रमाणपत्र नाही. ज्यांना एकवीस दिवसांचा कागद लागतो त्यांनी तो जिथून मिळतो तिथून खुशाल घ्यावा, त्याच्याशी आपलं भांडण नाही.

दर वेळी विषय एकच, आणि शिकवणारा त्या महिन्यात ज्याला ते काम येतं तो. महाडीबीटी लिपिकानं शिकवायचं, प्राचार्यांनी शिकायचं. प्रयोगशाळेची सुरक्षितता रसायनशास्त्राच्या सरांनी आणि परिचरांनी मिळून. एखाद्या विद्यार्थिनीनं आपल्या प्रबंधाचं एक प्रकरण वाचायचं आणि बाकीच्यांनी ते फाडायचं, प्रेमानं. नियतकालिकं ओळखण्याचा पहिला शनिवार मी घेतो, मला मानधन नको, जाण्यायेण्याचं तिकीटही नको, ज्येष्ठ नागरिक म्हणून एसटीत सवलत आहे.

खर्च म्हणाल तर चहाचा. जागा म्हणाल तर ग्रंथालयाचं वाचन कक्ष, तिथं शनिवारी दुपारी तसंही कुणी नसतं. अडचण एकाच सहीची आहे, ती प्राचार्यांची. मी बोलताना सरांनी दोनदा मान हलवली. एकदा कदाचित डुलकी असेल, पण दुसऱ्यांदा डोळे उघडे होते, पहिल्या रांगेनं पाहिलंय. मॅडम, तेवढं इतिवृत्तात घ्या.