मावळ्याचा दस्ताना: चामडे आणि गरम पाणी

नमस्कार श्रोतेहो.

वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती जवळ आली की बेळगावात गल्लोगल्ली चित्ररथांची आणि सजीव देखाव्यांची तयारी सुरू होते. अंगरखा शिंपी शिवून देतो, पगडी बांधणाराही मिळतो. अडते ते चामड्याच्या सामानावर. मग फोमला तपकिरी रंग फासून वेळ मारून नेली जाते. खरे चामडे वापरायचे तर काय करावे, ते आज पाहू.

आधी काय करायचे ते ठरवा. छातीवर चामड्याचे कवच बांधलेला मावळा ही बरीचशी सिनेमाची देणगी आहे. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराजांनी अंगरख्याखाली घातले होते ते लोखंडी कड्यांचे चिलखत. तेव्हा कंबरपट्टा, तलवारीचे म्यान, ढाल आणि दस्ताना, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचे कवच, एवढे नीट जमले तरी वेश उभा राहतो. त्यातला दस्ताना सगळ्यांत शिकवणारा, म्हणून तोच घेऊ.

चामडे आणायला लांब जायला नको. अथणी, निपाणी भागात कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले म्हशीचे चामडे मिळते, तेच हवे. जाडी ३ मिलिमीटर. बॅगांसाठी येणारे क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, मऊ चामडे आकार धरत नाही, ते घेऊ नका. ओळखायचे कसे? कापलेली कड पाहा: क्रोमची बहुधा निळसर-करडी दिसते. तरी शंका असेल तर एक चिंधी मिनिटभर उकळत्या पाण्यात टाका. सालीने कमावलेली आक्रसून गोळा होते. क्रोमची जवळपास आहे तशीच राहते.

आता माप. अंगरख्याची बाही घालूनच कोपराखाली चार बोटांवर आणि मनगटाशी घेर मोजा. समजा २८ आणि १८ सेंटिमीटर भरला. आतल्या बाजूला वादी, म्हणजे चामड्याची दोरी, ओवायला ४ सेंटिमीटर फट लागते, म्हणून २४ आणि १४ धरा. पण एवढ्यावर रापी चालवू नका. गरम पाण्यात चामडे आक्रसते, आणि किती ते प्रत्येक कातड्याचे वेगळे. त्याच तुकड्यातून १० सेंटिमीटरची पट्टी कापा, पुढे सांगतो तशी भिजवून बुडवा आणि मोजा. ती ९ झाली तर २४ च्या जागी २६.७ आणि १४ च्या जागी १५.६ कापायचे. लांबीही त्याच हिशेबाने वाढवा. पुष्कळांचे दस्ताने हातात शिरत नाहीत, ते ही पट्टी वाचवल्यामुळे.

कापलेला तुकडा साध्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. दुसरीकडे पातेल्यात पाणी ८० अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले, पण उकळी फुटलेली नाही, ही खूण. त्यात तुकडा ३० सेकंद बुडवा. हाताला रबरासारखा लागला की काढा. जास्त वेळ ठेवला किंवा पाणी उकळले, तर चामडे वाळल्यावर ठिसूळ होते आणि पहिल्या धक्क्याला चिरते. बाहेर काढल्यावर हातात दोन-एक मिनिटेच असतात, म्हणून साचा आधी तयार हवा: वर्तमानपत्रांची घट्ट, एका टोकाला निमुळती गुंडाळी, वर प्लास्टिक. त्यावर तुकडा बसवून सुती पट्टीने बांधा. सुतळीचे वळ उठतात. लोखंडी तार तर नकोच, कारण ओल्या सालीच्या चामड्याला लोखंड लागले की काळेनिळे डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत. सावलीत दोन दिवस वाळू द्या; उन्हात ठेवले तर कडा वेड्यावाकड्या होतात.

वादीची भोके चामडे वाळल्यावरच पाडा, आधी पाडलेली लांबट होतात. कडेपासून १ सेंटिमीटर आत, दर ३ सेंटिमीटरवर एक. कुठे रिव्हेट ठोकायचे असतील तर पितळेचे घ्या. चामड्याच्या एकूण जाडीच्या वर दांडा २ ते ३ मिलिमीटरच राहू द्या, जास्त राहिला तर ठोकताना वाकतो.

रंगाची खरी परीक्षा पांढऱ्या अंगरख्यावर होते. मिरवणूक रात्रभर चालते, घाम येतो आणि बाहीवर तपकिरी पट्टे उमटतात. रंग वाळला की पांढरे फडके घासत राहा, फडक्याला रंग लागायचा थांबेपर्यंत. मग आतून-बाहेरून लॅकरचे दोन पातळ हात द्या. तेल पाजायचा मोह मात्र टाळा. कडक केलेले चामडे तेलाने पुन्हा मऊ पडते.

ढालीला हाच धडा, फक्त साचा घमेल्याचा, पालथा घातलेला आणि प्लास्टिकने पूर्ण झाकलेला. वरची चार पितळी फुले नुसती शोभेची नसतात. त्यांच्याच मागे कड्या असतात आणि त्या कड्यांना मुठीचे दोन पट्टे. पट्टे नुसते चिकटवले तर मिरवणूक संपायच्या आत सुटतात.

आणि खानापूरकडच्या, म्हणजे जास्त पावसाच्या भागातल्या मंडळांनी एक करावे. पावसाळ्याआधी सगळे सामान प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नये, बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून लांब टांगावे, आणि श्रावणात एखाद्या उघडिपीच्या दिवशी काढून कोरड्या फडक्याने पुसावे.