गॉटहार्ड: ५७ किलोमीटरचा बोगदा खरा मालगाड्यांचा

हे एर्स्टफेल्ड, स्वित्झर्लंड. समोरच्या डोंगरात शिरलेली गाडी बाहेर पडते ती डायरेक्ट बोडिओला, ५७ किलोमीटरवर. गॉटहार्ड बेस टनेल, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, उद्घाटन १ जून २०१६. कौतुक होतं ते प्रवासी गाडीच्या स्पीडचं, पण हा बोगदा खणला गेला तो मुख्यतः मालगाड्यांसाठी. १९९४ मध्ये स्विस लोकांनी मतदान करून राज्यघटनेतच लिहून घेतलं की आल्प्स ओलांडून जाणारा परदेशी माल ट्रकवरून रेल्वेवर आणायचा. मला यातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

जुना बोगदा १८८२ चा, पण तो वर, साधारण ११५० मीटर उंचीवर, आपल्या कसारा घाटात बँकर (चढावर मदतीला लावलेली इंजिनं) लावतात तशी तिथे जड मालगाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागायची. नवीन मार्ग जेमतेम ५५० मीटरपर्यंत चढतो.

आता टाइमटेबल बघा. प्रवासी गाडी २०० ने धावते, मालगाडी १०० ने, म्हणजे एकीला बोगदा पार करायला १७ मिनिटं आणि दुसरीला ३४, आणि आत मालगाडीला बाजूला घ्यायला लूप लाइन नाही. मग करतात काय, तर प्रवासी गाडी गेली की तिच्या मागोमाग मालगाड्या एकामागे एक सोडतात. कपॅसिटी ठरवतानाच दिवसाला २६० मालगाड्या आणि ६५ प्रवासी गाड्या असा हिशोब धरलेला.

१० ऑगस्ट २०२३ ला आत मालगाडीच्या एका वाघिणीचं (डब्याचं) चाक तुटलं, गाडी घसरली, सुदैवाने कुणाला इजा नाही पण सुमारे सात किलोमीटरचा ट्रॅक गेला. बोगदा म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या; दोन आठवड्यांच्या आत शेजारची चांगली नळी सुरू केली, ती आधी फक्त मालगाड्यांसाठी, कारण गाडीवर चढवलेले चार मीटर उंचीचे ट्रक-ट्रेलर जुन्या बोगद्यात मावतच नाहीत आणि दोन नळ्यांमधलं सेफ्टी गेट मोडलेलं असल्याने माणसांना आतून न्यायची परवानगी नव्हती. प्रवासी गाड्या जुन्या घाटाने, तासभर जास्त. सगळं पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला.

पण एवढं करूनही उत्तरेला कार्ल्सरूहे ते बासेल हा जर्मन टप्पा अडकलेलाच आहे. तो चौपदरी करायचं जर्मनीने स्वित्झर्लंडबरोबरच्या १९९६ च्या करारात मान्य केलं होतं, काम अजून पूर्ण नाही, त्यामुळे रॉटरडॅमहून इटलीला निघालेल्या मालगाड्या तिथे अजून आयसीईंना (जर्मनीच्या वेगवान प्रवासी गाड्यांना) वाट देत थांबतात.